मायनस ८०३

मंगळवार, रात्र

"झिरो आलाय ना, मग झालं की," असं म्हणून माझ्याकडे शिकणारी ती मुलगी हिंजवडीची बस पकडायला पळाली. तो झिरो, म्हणजे 'चूक नाही' असं सांगणारा एसक्यूएलकोड, मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

तिची प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्राम) साधीच. डीबी२ मधली (हा आयबीएमच्या मेनफ्रेमवरचा डेटाबेस) नेटिव्ह एसक्यूएल, म्हणजे कोबोल नाही, लोड मॉड्यूल (कंपाइल केलेला प्रोग्राम) नाही, बदल केल्यावर नवी प्रत उचलायला लावणाऱ्या डब्ल्यूएलएम रिफ्रेशची कटकटही नाही. (२००७ च्या आवृत्ती ९ ने ही सोय दिली, त्याआधीचे दिवस तिने पाहिलेले नाहीत.) आत एक अपडेट, एक इन्सर्ट. शिल्लक १,२०० ने कमी झाली. नोंदीच्या टेबलात त्या क्रमांकाची रो आधीपासूनच होती, त्यामुळे इन्सर्ट पडला, मायनस ८०३, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा चालत नाही. आणि कॉल करणाऱ्या प्रोग्रामच्या हातात झिरो. त्याने बिनदिक्कत कमिट केलं. अर्धं काम कायमचं झालं.

कंटिन्यू हँडलर होता ना तिथे. चूक झाली की त्यात शिरायचं, बाहेर येऊन पुढच्या ओळीवर जायचं. हँडलरमध्ये पहिली ओळ 'टप्पा' नावाच्या व्हेरिएबलचा सेट, दुसरीत एसक्यूएलकोड उचललेला. पण सेट हीसुद्धा एसक्यूएलचीच स्टेटमेंट, ती नीट चालली की एसक्यूएलकोड झिरो. ८०३ पुसला गेला तो तिथे.

मला सलतंय ते वेगळंच. हँडलर लिहिलाच नसता तर ८०३ सरळ कॉलरकडे गेला असता आणि त्याने रोलबॅक करून सगळं मागे घेतलं असतं. काळजी घेतली म्हणून चूक लपली. आणि 'हँडलर हवाच' हे तिला मीच सांगितलेलं. वहीत पहिल्या पानावर आहे, स्पुफीत (एसक्यूएल चालवायच्या स्क्रीनवर) टर्मिनेटर, म्हणजे स्टेटमेंट संपल्याची खूण, बदलण्याच्या खाली. त्यात काय लिहायचं ते सांगायचं राहिलं. इतकी वर्षं शिकवून हे राहावं?



पण तो झिरो. प्रोग्राम कोसळून डम्प पडला असता तर निदान सगळे धावले असते. झिरोकडे कोण बघतं?

चहा घेतला. आता जरा निवळलंय. राहिलं ते राहिलं, ती शिकतेय आणि विचारायला कचरत नाही, हे पुष्कळ आहे. उद्या आधी कंटिन्यू काढून एक्झिट हँडलर, म्हणजे चुकीनंतर पुढच्या ओळीवर न जाता बाहेरच पडायचं. त्यात पहिली ओळ गेट डायग्नॉस्टिक्स कंडिशन १ (झालेल्या चुकीची माहिती देणारी स्टेटमेंट), कोड आणि मेसेज दोन्ही त्यातूनच घ्यायचे. शेवटी रिसिग्नल, म्हणजे चूक कॉलरपर्यंत पोचते. टप्प्याचा सेट हवा तर मधे. आणि हँडलर कर्सरच्या (रो एकेक करून वाचायच्या साधनाच्या) डिक्लेरेशननंतरच, आधी टाकला तर प्रोसिजर तयारच होणार नाही.

मग टेस्टमध्ये तीच रो मुद्दाम दोनदा घालायला लावीन. स्क्रीनवर मायनस ८०३ दिसला की मग तिची बस.