दोन ओम्नींचा एक ट्रॅक्टर

७ जून

उद्या मृग. दुपारपासून आभाळ दाटून आलंय, पण थेंब नाही. पत्र्याच्या शेडमध्ये अंगाचं पाणी पाणी झालं. भंगारातल्या दोन मारुती ओम्नींचा एक छोटा ट्रॅक्टर करायचाय, त्यासाठी आज दुसरी ओम्नीही खोलून सुटी केली. शाळेच्या पोरांची ने-आण करणारी गाडी होती. मागच्या बाकड्याखाली अर्धं खोडरबर, केसांचा एक चाप आणि चिक्कीचा कागद निघाला. खोडरबर नातीनं लगेच ताब्यात घेतलं.

हे खूळ डोक्यात का शिरलं ते एकदा लिहून ठेवतो, नाहीतर पुढं मलाच आठवायचं नाही. वरच्या माळाचं पस्तीस गुंठे रान. आंबा, चिकू, मधनं आलं-हळद. मोठा ट्रॅक्टर आत घातला की फांद्या मोडतो आणि बांधापाशी वळत नाही. पावसात तर त्याची मागची चाकं जागेवर खड्डा करतात आणि पुढची नुसती नांगरासारखी चिखल ढकलतात. पॉवर टिलर आहे, पण एसटीच्या वर्कशॉपातनं रिटायर झालेल्या माणसाचे खांदे त्याच्यामागं किती दिवस चालणार? हलकं यंत्र हवं, आणि हलकं असेल तर त्याचं सगळं वजन कामाला लागायला हवं. म्हणजे चारही चाकं ओढणारी.

मळ्यात येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "काय नाना, महिंद्रा बोलेरो देणार का?" देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातनं किक मारून सुरू होणारी जीप केली आणि २०२२च्या जानेवारीत आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. तेव्हापासून आमच्या भागात कुणी वेल्डिंगचा होल्डर हातात धरला की हा प्रश्न ठरलेला. बायकोनं परस्पर उत्तर देऊन टाकलं, "बोलेरो नको, आधी शेड मोकळी करून द्या म्हणावं."

२१ जून

आता आराखडा पक्का. पुढची चाकं वळतीही आणि ओढतीही ठेवायची तर दोन्ही टोकांना गोळ्यांचे जॉइंट असलेला एक्सल लागतो. मारुतीच्या जिप्सी जीपला तो असतो, पण डोंगरात गाड्या घालणाऱ्या हौशी पोरांनी जिप्सीच्या एक्सलचे भाव कुठल्या कुठं नेऊन ठेवलेत. मग दुसरी वाट धरली. दोन ओम्नींचे दोन मागचे एक्सल, दोन्ही सरळ, न वळणारे. ट्रॅक्टर मधोमध कमरेत वाकवायचा. कमरेची पिन दोन्ही एक्सलांपासून सारख्या अंतरावर ठेवली की मागची चाकं बरोबर पुढच्याच चाकोरीतनं येतात. आल्याच्या गादीवाफ्यांत ह्याच्यासारखं सुख नाही.

जिप्सीचा फक्त ट्रान्स्फर केस मिळाला, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलांना वाटणारी पेटी. त्याची गंमत अशी की तो गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. सुटा असतो, मध्ये आखूड शाफ्ट. म्हणजे कुठंही बसवा. पुढं-मागं दोन तोंडं, आणि लो गिअर.

रात्री वहीत गणित मांडलं. इंजिन तीन हजार फेऱ्यांवर धरलं. एक्सलचा फ्लँज (शाफ्ट जोडायची तबकडी) हातानं फिरवत, चाकावर खडूची खूण करून मोजलं, तर चाकाच्या एका फेरीला पाचच्या जरा वर फेऱ्या लागतात. ट्रान्स्फर लोमध्ये सव्वादोन, गिअरबॉक्सचा पहिला साडेतीन. टायर पॉवर टिलरचे ६.००-१२, ओम्नीच्याच बारा इंची रिमवर बसतात, घेर दोन मीटरला किंचित कमी. सगळ्याचा गुणाकार-भागाकार केला तर पहिल्या गिअरलाच ताशी नऊ किलोमीटर! रोटाव्हेटरमागं माणूस पळत सुटेल. मग दुसऱ्या ओम्नीचा गिअरबॉक्स पहिल्याच्या मागं जोडायचा. आणखी साडेतीननं भागलं की अडीच किलोमीटर. हे चाललं.

दोन गिअरबॉक्स एकमेकांना जोडायचे कसे, हा सगळ्यांना मोठा प्रश्न वाटतो. उत्तर भंगारातच असतं. जुनी क्लच प्लेट घ्यायची, तिच्या मधला दात्यांचा बोळा गॅस कटरनं सोडवायचा, लेथवर साफ करायचा आणि फ्लँजला वेल्ड करायचा. दुसऱ्या बॉक्सचा इनपुट शाफ्ट त्यात मापात बसतो, कारण तो बोळा त्याच्यासाठीच घडवलेला आहे. लेथवाल्या मिस्त्रींनी वेल्ड झाल्यावर डायल गेज लावून तोंड पुन्हा लेथवर सपाट केलं. मी म्हटलं, "एवढं कशाला, मिस्त्री, शेतातलं काम आहे." ते म्हणाले, "शेतातलं असलं म्हणून बेरिंगला कळतंय होय?"

बेंदूर

सकाळी मातीच्या बैलांची पूजा झाली. आमच्या गोठ्यात खरे बैल होते ते वडील होते तोवर. नातीनं मातीच्या बैलांना झूल काढून उरलेला हिंगूळ ट्रॅक्टरच्या पुढच्या पत्र्यावर फासला, दोन शिंगंही काढली, एक मोठं, एक छोटं. पुरणपोळी खाऊन पुतण्या आणि मी शेडमध्ये. ट्रॅक्टर लाकडी ओंडक्यांवर, चारही चाकं अधांतरी. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, दोन वर्षं बंद पडलेलं, चौथ्या स्टार्टरला घेतलं. त्या आवाजानं अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

मागची चाकं पुढं फिरू लागली. पुढची चाकं मागं.

नात म्हणाली, "आजोबा, ह्याला दोन्हीकडं जायचंय का?"

इंजिन बंद केलं आणि बादली पालथी घालून बसलो. एकोणतीस वर्षं एसटीच्या गाड्यांची डिफरन्शियलं (एक्सलच्या दोन चाकांत फिरणं वाटणारी पेटी) खोलली आणि जोडली, आणि चूक केली ती अशी. पुढचा एक्सल तोंड फिरवून बसवायचा होता, म्हणजे पिनियन, शाफ्टकडनं फिरणं घेणारं छोटं दातेरी चाक, मागं, ट्रान्स्फरकडं. तेवढंच करायचं होतं. पण ओम्नीच्या पिनियनची जागा मधल्या रेषेच्या खाली असते. शाफ्ट खुंटांना लागू नये, उंच राहावा म्हणून मी शहाणपणा केला आणि एक्सल पालथाही घातला. नुसतं तोंड फिरवलं तर शाफ्टची दिशा उलटते आणि चाकाचीही उलटते. उलटाला उलट, हिशेब सुटतो. पालथा घातला की तिसरं उलट येतं आणि ते फेडायला चौथं कुणी नसतं. जमिनीवर असतं तर अर्धा ट्रॅक्टर कोल्हापूरला निघाला असता आणि अर्धा गगनबावड्याला. कमरेच्या पिनेचं काय झालं असतं ते मिस्त्रीच जाणोत.

खोलताना आणखी एक दिसलं. पालथ्या एक्सलचा ब्रीदर, हवा जायचं भोक, खाली आलेला, त्यातनं ऑइल टपकून ओंडक्यावर डाग पडलेला. आणि पिनियन वर गेलेलं, त्याच्या पुढच्या बेरिंगपर्यंत ऑइल पोचलंच नसतं. दिशा योगायोगानं बरोबर आली असती तरी महिनाभरात बेरिंग जळलं असतं. ओम्नी आखणाऱ्या कुठल्याशा इंजिनिअरनं हा एक्सल कसा निजेल, ऑइल कुठवर चढेल, हवा कुठनं जाईल, सगळं ठरवून ठेवलेलं. मी त्याला न विचारता उलथा केला. डेपोत असताना पार्टवर नंबर असायचा, त्या नंबराप्रमाणे तो जागेवर जायचा. हा विचार करायची कधी पाळीच आली नव्हती.

एक्सल सुलटा केला. स्प्रिंगच्या पाट्याच्या आणि एक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळे घालून चासी तीन इंच वर घेतली. शाफ्टची उंची तशी थोडीच मिळाली, पण मिळाली. रात्री दहाला पुन्हा क्लच सोडला. चारही चाकं एका दिशेला. नात झोपली होती, उठवली नाही.

१९ जुलै

तीन दिवस झड. आज माळावर पहिल्यांदा चिखलात घातला आणि बांधापासून वीस फुटांवर अडकला. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक गरगर फिरतंय, उरलेली दोन ढिम्म. डिफरन्शियलचा स्वभावच तो. ज्याच्यावर भार नाही त्याच्याकडंच फिरणं पाठवणार. पण दोन कोपऱ्यांवरचा भार गेला का? कारण कंबर नुसती वळत होती, पिळत नव्हती. पिळण्यासाठी ट्रकच्या पुढच्या चाकाचा हब, दोन टेपर बेरिंगांसकट, आडवा बसवलाय. तो फिरतो छान, पण मीच भीतीनं स्टॉपर फार जवळ वेल्ड केले होते. पुढचं उजवं दगडावर चढलं, स्टॉपर टेकला, आणि आख्खा ट्रॅक्टर दोन तिरक्या पायांवर डुगडुगणाऱ्या टेबलासारखा झाला.

पुतण्या म्हणाला, "काका, डिफरन्शियलच वेल्ड करून टाकू. दोन्ही चाकं कायमची एक." ते नको. मग वळताना आतलं चाक फरपटत जातं आणि एक्सलवर पीळ बसतो. मळ्याजवळच्या डांबरी रस्त्यावर तर विचारूच नका. ग्राइंडरनं स्टॉपर मागं घेतले, पण पूर्ण काढले नाहीत. उतारावर कमरेत वळलेला असताना वजन बाहेरच्या बाजूला जातं, तिथं स्टॉपर नसेल तर एक अर्धा दुसऱ्याला सोडून कलंडेल. सीटमागची पाइपची कमान बायकोच्या आग्रहाची आहे. ती बसल्याशिवाय नातीला जवळ फिरकू द्यायची नाही, असा तिचा हुकूम. बरोबर आहे तिचं.

मागं सिमेंटची पोती टाकून भार वाढवा, असंही एकानं सुचवलं. नाही टाकणार. दोन गिअरबॉक्सांच्या सगळ्यात खालच्या गिअरला एवढी ताकद साठते की एक्सलशाफ्ट काडीसारखा पिळून निघेल. तो वाचतो कारण चाक त्याआधी घसरतं. हलकेपणा हाच ह्याचा फ्यूज.

खंडेनवमी

पान्हे, गेज, वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, सगळं पाटावर मांडून पूजा केली. ट्रॅक्टरला झेंडूची माळ. हिंगुळाची शिंगं अजून पुसट दिसतात, नात पुसू देत नाही.

दोन महिन्यांत आल्याला दोनदा माती लावली. रोटाव्हेटर अडीच फुटी, तेवढंच पेलतं. डिझेल असतं तर परवडलं असतं, पेट्रोल पितो. पानांचा पाचोळा रेडिएटरला चिकटतो आणि काटा वर जातो, म्हणून समोर मच्छरदाणीची जाळी लावलीय, ओळ संपली की झटकायची. पुढचा एक्सल रडतो. तोंड फिरवल्यामुळे त्याचा क्राऊन, म्हणजे आतलं मोठं दातेरी चाक, दात्यांच्या दुसऱ्या अंगानं ओढतो, ज्या अंगानं ओम्नीत नुसता उतारावर चालायचा. आवाज आहे, पण ऑइलमध्ये कीस नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचं.

रस्त्यावर नेता येत नाही. घरी केलेल्या गाडीला पासिंग नाही. नमुना एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडनं तपासून घ्यावा लागतो, तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही, आणि खरं सांगायचं तर नियम बरोबरच आहे. ह्याचे ब्रेक मला माहीत आहेत. त्यामुळे खालच्या मळ्यात न्यायचा झाला की भावाच्या ट्रॉलीत चढवून, खऱ्या ट्रॅक्टरनं ओढत नेतो. बघणारे हसतात.

वहीत खर्चाची बेरीज आजवर टाळली होती. आज केली. दोन ओम्नी, ट्रान्स्फर केस, टायर, जेसीबीच्या भंगारातनं आणलेलं स्टिअरिंगचं ऑर्बिट्रोल (ऑइलच्या दाबानं वळवणारा व्हॉल्व्ह), सिलिंडर, लेथची मजुरी, वेल्डिंग रॉड. एक लाख अठरा हजार सहाशे. माझी मजुरी धरलेली नाही. बायकोनं आकडा बघितला, वही मिटली आणि सांगितलं की दिवाळीच्या आत शेडमधले उरलेले दोन सांगाडे हलले पाहिजेत.

उद्या दसरा. परवा: पुढच्या ब्रीदरला लांब नळी लावणे. कमरेच्या पिनेला ग्रीस. सांगाड्यांसाठी भंगारवाल्याला फोन. एका ओम्नीचा दरवाजा मात्र ठेवायचा, कोंबड्यांच्या खुराड्याला बसतोय का बघू.