ताई, वाफ आली का?

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बिघडलाय असं मी आठवडाभर धरून चालले होते. इलेक्ट्रिशियन दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "काकू, पंखा चांगला ओढतोय, कागद लावून बघा." मी कागद धरला तर तो जाळीला घट्ट चिकटला. माझ्या मानेवरून मात्र घामाच्या धारा चालल्या होत्या, आणि दुसऱ्या शेगडीवर पोळ्या भाजणारी माझी मदतनीस कोरडी होती.

मी पुण्यात धायरीला पोळी-भाजी केंद्र चालवते. 14 वर्षं झाली. रोज अडीचशे पोळ्या आणि 40 डबे. पहाटे साडेचारला साडेसात किलो पीठ भिजवायचं, सहाला तवे तापवायचे. तव्याची धग मला नवी नाही, म्हणूनच ही धग वेगळी आहे हे कळायला वेळ लागला. तव्याची धग समोरून येते, हाताला आणि पोटाला लागते. ही छातीच्या मधून उठायची, गळ्यावरून कानापर्यंत चढायची, दोन-तीन मिनिटांत घाम फुटून उतरायची. उतरली की अंगावर काटा यायचा. पेटत्या तव्यासमोर उभं राहून मला हुडहुडी भरते, हे कोणाला सांगायचं तेच कळेना.

ओळखलं त्या मदतनिसीनंच. हातातलं उलथनं खाली ठेवून मला स्टूल सरकवलं आणि म्हणाली, "ताई, वाफ आली का? बसा जरा. जाती दोन मिंटांत."

मी 47 वर्षांची, ती 39. तिला हे कसं ठाऊक, हा प्रश्न मला त्या दिवशी सुचलाही नाही.

वाफा हे एक झालं. पाळीचं गणित तर त्याआधी वर्षभर मोडलेलं होतं. कधी 19 दिवसांनी यायची, कधी 52. आली की अंगावर इतकं जायचं की रात्री दोनदा पॅड बदलूनही चादर धुवावी लागे. रक्ताच्या गाठी पडायच्या. जिना चढताना छाती धडधडायची. रात्री तीनला डोळे टक्क उघडायचे आणि साडेचारपर्यंत छताकडे बघत पडायचं, मग उठायचंच. लेकीवर एकदा डब्याच्या झाकणावरून असं ओरडले की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिची माफी मागितली, पण आवाज चढतो तेव्हा तो माझ्याच घशातून येतोय हे मला आधी कळतच नसे.

याच सुमाराला उजवा खांदा आखडला. पोळी लाटता यायची, कारण लाटणं पोटापाशी चालतं. पण वरच्या फळीवरची परात काढता येईना, ब्लाउजचे हूक लावता येईनात. लाटून लाटून झालं असेल असं सगळे म्हणाले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मात्र पाळीचं विचारलं, आणि साखर व थायरॉइड तपासायला सांगितलं. असा आखडलेला खांदा, म्हणजे फ्रोजन शोल्डर, चाळिशी ते साठीच्या बायकांना जास्त होतो, आणि मधुमेह असेल तर आणखी. माझी साखर काठावर निघाली. भिंतीवर बोटांनी चढत जायचं, दारावर कप्पी बांधून दोरी ओढायची, असं आठ महिने केलं. पहिले तीन महिने काही फरक नव्हता. त्यांनी आधीच सांगितलं होतं की हे दुखणं वर्ष-दोन वर्षं खातं, म्हणून मी सोडलं नाही.

आमच्याकडे या सगळ्याला एकच वाक्य आहे: "पाळी जायची वेळ आली की असंच होतं." माझी आई हेच म्हणाली. वाक्य खोटं नाही. पण ते ऐकून बाई गप्प बसते, आणि गप्प बसण्याच्या त्या दिवसांत माझं हिमोग्लोबिन 7.6 पर्यंत घसरलं.

ते कळलं एका रुग्णालयात. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघितली, गर्भाशयात दोन सेंटिमीटरची गाठ आहे म्हणाले, आणि सरळ ऑपरेशनवर आले. "मुलं झालीत, आता पिशवीचा काय उपयोग? काढून टाकू, कटकट मिटेल. सोबत अंडाशयही काढू, पुढे कॅन्सरची भीती नको." पाच मिनिटांत सगळं ठरलं. काउंटरवर खर्चाचा कागद मिळाला. मी सुटकेच्या भावनेनं घरी आले, हे इथे खरं लिहायला हवं. चादरी धुऊन मी थकले होते. दिवाळीत केंद्र आठ दिवस बंद असतं, तेव्हा उरकू असं ह्यांच्याशी बोलून ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पोळ्या करताना मदतनिसीला सांगितलं. तव्यावरची पोळी करपली तरी तिनं उलटली नाही.

"ताई, नका काढू. माझी काढली तवापासूनच ह्या वाफा हाईत."

ती बीड जिल्ह्यातली, गेवराई तालुक्यातली. लग्नानंतर दहा वर्षं नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जात. जोडीला तिकडे कोयता म्हणतात. दसऱ्यानंतर निघायचं, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडेपर्यंत परतायचं नाही. उसाच्या फडात आडोसा नाही, राहायच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाणी नाही. एक दिवस काम चुकलं की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. पाळीत अंगावर जास्त जायला लागलं, कंबर धरायची, पांढरं जायचं. गावाजवळच्या डॉक्टरनं पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल असं सांगितलं. तेव्हा ती 28 वर्षांची होती. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल घेतली.

2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या होत्या तेव्हा मी पोळ्या गुंडाळताना त्या वर्तमानपत्रात वाचल्या होत्या. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, 82 हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली, आणि त्यातल्या 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तो आकडा वाचून मी हळहळले होते आणि पान उलटलं होतं. त्यातलीच एक पुढे पाच वर्षं माझ्या शेजारी उभी राहून पोळ्या भाजत होती आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद घेऊन आली. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनच्या नावापुढे काही इंग्रजी अक्षरं होती. तीच अक्षरं माझ्या खर्चाच्या कागदावर होती. टीएएच, बीएसओ. आमच्याकडून रोज एक डबा निवृत्त परिचारिका आजींना जातो. मी दोन्ही कागद डब्यासोबत घेऊन गेले. आजींनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, पहिली तीन अक्षरं म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढणं, दुसरी तीन म्हणजे दोन्ही बाजूंची अंडाशयं आणि नळ्याही काढणं.

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पिशवी काढली एवढंच तिला माहीत. अंडाशयं गेली की पाळी जायची वेळ हळूहळू येत नाही, एका रात्रीत येते. माझ्या शरीरात जे हळूहळू रेंगाळत चाललंय ते तिला 28 व्या वर्षी भूल उतरल्याबरोबर भेटलं. जानेवारीच्या थंडीत फडात घाम फुटायचा, रात्री कोपीत झोप नाही, हाडं दुखायची. सासू म्हणायची अंगात आलंय. तिनं या सगळ्याला स्वतःच "वाफ" असं नाव दिलं, कारण दुसरं कोणी दिलं नाही.

त्यानंतर मी दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी पाऊण तास दिला. कागदाच्या मागे त्रिकोणी पिशवी काढून समजावलं. या वयात दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही. ते सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, आतलं अस्तर जाड होत राहतं, आणि मग एकदमच सुटतं. म्हणून आधी उशीर आणि मग पूर. वाफांचं कारण मेंदूत आहे: शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र इस्ट्रोजेन या दुसऱ्या हार्मोनच्या चढउतारानं फार हळवं होतं, जरासा फरक पडला तरी घाम काढून अंग थंड करायला धावतं. मला हे ऐकताना रडू आलं. इतके महिने मी स्वतःला आळशी आणि चिडकी समजत होते.

पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव असेल तर अस्तराचा तुकडा तपासलाच पाहिजे, असं त्या म्हणाल्या. आधीच्या ठिकाणी पिशवी काढायला निघाले होते, पण ही तपासणी कोणी सुचवली नव्हती. बायोप्सी झाली, दुखलं, रिपोर्ट स्वच्छ आला. गाठ लहान होती आणि तिचा या रक्तस्रावाशी फारसा संबंध नव्हता.

हिमोग्लोबिनबद्दल त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लोहाची गोळी कशासोबत घेता?" मी चार महिने ती सकाळी सातच्या चहासोबत घेत होते. चहा लोह शरीरात नीट मुरू देत नाही. शिरेतून लोहाचे दोन डोस दिले, आणि पुढे गोळी लिंबूपाण्यासोबत, चहापासून दोन तास लांब. सहा आठवड्यांत 10.4 झालं. जिना चढताना छाती धडधडेनाशी झाली तेव्हा कळलं की निम्मी चिडचिड रक्ताच्या कमतरतेची होती.

रक्तस्रावासाठी मी पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन निवडलं, तांबीसारखंच दिसतं पण त्यातून थोडं थोडं औषध सुटतं आणि अस्तर पातळ राहतं. पहिले चार महिने रोज डाग लागायचे, तीनदा काढून टाकावंसं वाटलं. पाचव्या महिन्यापासून थांबलं. दिवाळीत ऑपरेशन न करता मी अनारसे केले.

वाफा अजून आहेत. त्यासाठी इस्ट्रोजेनचं जेल मिळतं. 2002 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानंतर जगभर हार्मोन्सची भीती बसली होती, पण साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला बहुतेक वेळा धोक्यापेक्षा फायदा जास्त, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. स्तनांची तपासणी, मॅमोग्राफी, करून घेतली आहे. निर्णय मी पावसाळ्यानंतर घेईन. तोवर मी शेगडी खिडकीकडे हलवली आहे, सुती गाऊन घालते, तिखट रस्सा आणि दुपारचा चहा कमी केलाय. कणीक आता हे भिजवतात. साडेचारला उठतात, मी साडेपाचला. 22 वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्या हातची कणीक माझ्यापेक्षा मऊ असते आणि मला त्याचा आनंद आहे.

नंतर एका बुधवारी केंद्राला सुट्टी घेऊन मदतनिसीलाही डॉक्टर बाईंकडे नेलं. हाडांची घनता तपासली. मणक्याची हाडं तिच्या वयापेक्षा बरीच विरळ निघाली. इतक्या तरुणपणी अंडाशयं काढली असतील तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत तरी हार्मोन द्यायला हवेत, नाहीतर हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो. म्हणजे ती औषधं 28 व्या वर्षी सुरू व्हायला हवी होती. तिनं एवढंच विचारलं, "हे मला तवाच का न्हाई सांगितलं कुणी?" डॉक्टर बाई लिहायच्या थांबल्या. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

तुमच्यापैकी कोणाला असा खर्चाचा कागद मिळाला असेल, तर त्यावरच्या अक्षरांचा अर्थ विचारा. नक्की काय काढणार, ते का काढणार, बायोप्सी केली का, काढायच्या आधी दुसरं काय करून बघता येतं. ऑपरेशन लागतंच अशा बायका असतात, माझ्या मावशीला लागलं आणि त्यामुळे ती वाचली. पण विचारायला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घ्या.

माझी मदतनीस आता चार महिने औषध घेते आहे, दुधासोबत कॅल्शियमही. भाजीच्या हिशोबाशेजारी भिंतीवर कॅलेंडर टांगलंय, त्यावर आम्ही दोघी प्रत्येक वाफेला एक ठिपका देतो, माझा लाल, तिचा निळा. या महिन्याच्या पानावर माझे 31 आहेत. तिचे 9.