दिएन बिएन फू: जो हल्ला झालाच नाही त्याची गोष्ट

व्हिएतनामला हल्ली आपल्याकडून जो तो चाललाय, हनोई, हालाँग बे, दा नांग, तो मोठ्ठ्या हातांवरचा सोनेरी पूल, झालंच तर फू क्वोकचा बीच. पण 1954 मध्ये व्हिएतनामने आपल्यावर राज्य करणाऱ्या फ्रेंचांना जिथे हरवलं, ते दिएन बिएन फू कुणाच्याच पॅकेजमध्ये नसतं. हनोईहून पार वायव्येला, लाओसच्या सीमेला चिकटून. विमानाने तासभर लागतो, पण आम्ही रात्रीची स्लीपर बस घेतली. त्या वळणावळणाच्या घाटात झोप काय लागणार! पहाटे उतरलो तेव्हा अंग आंबून गेलं होतं, पण समोर सपाट हिरवीगार भातशेती आणि चारी बाजूंनी डोंगर बघून एकदम जाग आली.

आणि पहिला प्रश्न हाच पडतो की फ्रेंच येडे होते का? चहूकडे डोंगर असताना मधल्या खोऱ्यात कोण तळ ठोकतं?

तर येडे नव्हते. नोव्हेंबर 1953 मध्ये फ्रेंच सेनापती जनरल नवार यांनी इथे छत्रीधारी सैनिक उतरवले ते लाओसचा रस्ता अडवायला, आणि जंगलात सापडत नाहीत त्या व्हिएत मिन्हना (हो चि मिन्ह यांची स्वातंत्र्यासाठी लढणारी फौज) उघड्यावर लढाईला ओढायला. आदल्या वर्षी ना सान नावाच्या ठिकाणी असाच तळ टाकून, विमानाने रसद पुरवून त्यांनी हल्ले परतवले होते, त्यामुळे कॉन्फिडन्स होता. डोंगरावर जड तोफा चढवणं अशक्य आणि चढवल्याच तर आमच्या तोफा त्यांना उडवतील, हा सगळा हिशोब. तळाच्या टेकड्या-ठाण्यांना बायकांची नावं दिली, गाब्रिएल, बेआत्रिस, एलियान, इझाबेल.

गावातलं म्युझियम छान आहे. वर भलंमोठं गोलाकार पेंटिंग आहे, मध्ये उभं राहून फिरत फिरत अख्खी लढाई बघायची. पण मी जास्त वेळ रेंगाळलो ते व्हिएत मिन्हच्या सायकलींपाशी. हँडलला बांबू बांधून लांब केलेलं, सीटमागे दुसरा बांबू उभा, आणि फ्रेमवर दोनशे किलोच्या वर तांदूळ. त्या चालवायच्या नाहीत, ढकलत न्यायच्या. अशा हजारो सायकली, आणि तोफा तर डोंगरावर दोर लावून माणसांनी हाताने ओढल्या. तो व्हिन्ह दिएन नावाचा सैनिक घसरणारी तोफ थांबवायला स्वतः चाकाखाली गेला.

आता खरी गंमत. सगळे 13 मार्च ते 7 मे 1954 हे 56 दिवस सांगतात, पण माझ्या मते युद्ध फिरलं ते 26 जानेवारीला, आणि त्या दिवशी इथे लढाई झालीच नाही. (तारीख बघून आपल्याला ध्वजवंदनच आठवणार.) व्हिएत मिन्हच्या तोफा जागेवर, सैन्य तयार, दोन-तीन दिवसांत झटपट उडवायचं असा प्लॅन, चिनी सल्लागारांचाही तोच आग्रह. त्यांचा सेनापती जनरल व्हो न्गुएन जिआप, एकेकाळचा इतिहासाचा मास्तर, त्याला काही झोप लागेना. डोकं इतकं दुखत होतं की कपाळाला औषधी पाला बांधून बसला होता, त्यानेच नंतर लिहून ठेवलंय. हो चि मिन्हनी निघतानाच बजावलं होतं की खात्री असेल तरच लढ. सकाळी त्याने हल्ला रद्द केला, आणि रक्त आटवून वर नेलेल्या तोफा परत मागे ओढायला लावल्या! त्या पोरांना काय वाटलं असेल विचार करा.

पुढचे दीड महिने मग रस्ते, खंदक, आणि डोंगराच्या पोटात तोफांसाठी कोनाडे. 13 मार्चला त्या धडाडल्या आणि पहिल्याच रात्री बेआत्रिस पडली, मग अल्जेरियन पलटणीने राखलेली गाब्रिएल. फ्रेंचांचा तोफखाना बघणारा एका हाताचा कर्नल पिरोथ, ज्याने शब्द दिला होता की शत्रूच्या तोफा चालूच देणार नाही, त्याने बंकरमध्ये हातबॉम्बने जीव दिला. मार्च संपेपर्यंत धावपट्टी बंद, पुढे सगळं पॅराशूटवर.

आपल्याकडे तो व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड फिरतो ना, व्हिएतनामने महाराजांचा गनिमी कावा वाचून युद्ध जिंकलं म्हणून. त्याला पुरावा कुणी देत नाही ते सोडा, पण इथे A1 टेकडीवर (फ्रेंचांच्या एलियानचाच एक भाग) उभं राहिलं की कळतं, ही लढाई गनिमी काव्याची नाहीच. हा सरळ किल्ल्याला घातलेला वेढा आहे, मोर्चे रोज थोडे पुढे सरकवायचे आणि शेवटी सुरुंग. टेकडीच्या पोटात बोगदा खणून जवळपास एक टन स्फोटकं भरली, 6 मेच्या रात्री उडवली, तो खड्डा अजून तसाच आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रेंच तळाचा प्रमुख द कास्त्री आपल्या बंकरमध्ये पकडला गेला. दहा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, त्यातली कितीतरी परतली नाहीत. टेकडीखालच्या स्मशानभूमीतही बहुतेक कबरींवर नाव नाही, हे स्वातंत्र्य स्वस्तात मिळालेलं नाही.

8 मेला जिनिव्हात इंडोचायनावर (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) चर्चा सुरू होणार होती, म्हणजे टायमिंग बघा. करारानंतर देखरेखीसाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं आणि ऑक्टोबरात नेहरू हनोईला गेलेही होते, हे आपल्या शाळेत मला तरी कुणी शिकवलं नाही. आणि त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला तिकडे फ्रेंचांच्याच ताब्यातल्या अल्जेरियात बंड पेटलं. दिएन बिएन फूला फ्रेंचांकडून लढलेल्या अल्जेरियनांनी इथे काय बघितलं असेल ते सांगायला नको.

जाणार असाल तर मार्चमध्ये जा, डोंगरभर पांढरा कांचन फुललेला असतो. शाकाहारी लोकांचे थोडे हाल होतात, पण इथल्या थाई जमातीच्या वस्त्यांमध्ये चिकट भात मिळतो, सोबत शेंगदाणा-तिळाचं कूट मागून घ्या. द कास्त्रीचा बंकर अर्ध्या तासात होतो. तो वाचलेला वेळ मुओंग फांगला द्या, तिथल्या जंगलात जिआपची झोपडी आहे, बाइक भाड्याने घेऊन आरामात जाता येतं.