खणातली ‘कागद कापायची सुरी’

सोलमधल्या एका संग्रहालयाच्या भांडारात मी नोंदणीचं काम करते. त्या दिवशी लेखनसाहित्याच्या खणातली एक पेटी उघडली. आत शाईचा दगड, दोन कुंचले आणि शिंगाची पातळ, बोटभर लांब पट्टी. जुन्या वहीत लिहिलेलं, ‘कागद कापायची सुरी’. मीही तेच उतरवलं. खटकलं एवढंच, की तिला धार कुठेच नव्हती. उलट टोक झिजून गुळगुळीत झालेलं.

दुपारी आमच्या ज्येष्ठ बाई आल्या. गाट, म्हणजे बांबूच्या तंतूंची आणि घोड्याच्या केसांची ती काळी, आरपार दिसणारी टोपी. तिच्यात या बाईंची हयात गेलीय. पट्टी बघून त्या हसल्या. “हिनं कागद कापून दाखव बरं.”

मग केसांचा टोप चढवलेलं एक लाकडी डोकं त्यांनी टेबलावर ठेवलं. माथ्यावर अंबाडा, कोरियातल्या जोसॉन राजवटीच्या काळात लग्न झालेला पुरुष तो बांधायचाच. कपाळाभोवती त्यांनी मांगॉन आवळला. ही घोड्याच्या केसांची जाळीदार पट्टी, गाट हिच्यावर चढते. आवळली तसे कानांजवळचे केस बाहेर डोकावायला लागले. मी बोटानं आत सारायला गेले, तर मांगॉनच वर सरकला! बाईंनी पिशवीतून बांबूची तसलीच नवी पट्टी काढली (जुनीला असं वापरायची सोय नाही), जाळीखाली घातली आणि हलकेच मागे ओढत नेली. केस गायब.

“साल्जॉकमिरी,” बाई म्हणाल्या. साल्जॉक म्हणजे कानांजवळचे केस, पुढचं ढकलणं. मी मनातल्या मनात तिचं ‘कल्लेसारणी’ करून टाकलं.

लाज वाटली ती वेगळ्याच कारणानं. गाटचं बाकीचं गणगोत मला तोंडपाठ होतं. ती ठेवायची खास पेटी, पावसात वरून चढवायचा गालमो, तेल पाजलेल्या कागदाचा, पंख्यासारखा मिटणारा. पण ही सगळी टोपीची माणसं. कल्लेसारणी डोक्याची. 1895 साली अंबाडे कापायचा हुकूम निघाला, लोक खवळले, तरी अंबाडा हळूहळू गेलाच आणि हिला काम उरलं नाही. टोपी निदान चित्रांत दिसते. ही कुणाच्या चित्रात येणार?

दुसऱ्या दिवशी लेखनसाहित्याचा अख्खा खण मी बाहेर काढला. आणखी दोन ‘सुऱ्या’ निघाल्या. एकीची एकच कड झिजलेली होती.