कळवा पूल, पहिली पाळी आणि ‘बायसिकल थीव्ह्ज’

वित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ सालचा इटालियन चित्रपट ‘बायसिकल थीव्ह्ज’ शनिवारी रात्री पुन्हा पाहिला आणि सोमवारी पहाटे साडेपाचला ठाण्याच्या नौपाड्यातून सायकल काढली. एरवी मी हौसेने येऊरचा चढ चढतो. या वेळी मात्र कळवा पुलावरून विटावा, दिघा, ऐरोली असे करत, पहिल्या पाळीला निघालेल्या कामगारांच्या सोबतीने रबाळ्यापर्यंत जायचे होते.

पुलावर खाडीचा वारा अंगावर आला आणि उजाडू लागले. दिघ्याच्या पुढे सायकली दिसू लागल्या: काळ्या, जड, कॅरिअरला जुन्या ट्यूबच्या पट्टीने डबा आवळून बांधलेल्या. त्या पाहताना चित्रपटाच्या नायकाची, आंतोनिओची आठवण येणे अपरिहार्य होते. युद्धानंतरच्या रोममध्ये त्याला भिंतींवर पोस्टर चिकटवण्याचे काम मिळते, पण त्यासाठी सायकल लागते आणि ती तर गहाण पडलेली असते. म्हणून त्याची बायको मारिया अंथरुणावरच्या चादरी काढून गहाण टाकते. मला पुढे होणाऱ्या सायकलच्या चोरीपेक्षाही हाच प्रसंग अधिक हलवून टाकतो, कारण कारकून ते गाठोडे घेऊन मांडणीवर चढतो तेव्हा घराघरांतून आलेल्या तशाच गाठोड्यांनी ती वरपर्यंत भरलेली दिसते. कोणीही घोषणा देत नाही, तरी एका व्यवस्थेविरुद्धचा इतका स्पष्ट निषेध मी क्वचितच पाहिला आहे. पुढे पोलीस चौकीत हीच सायकल किरकोळ बाब ठरते. आंतोनिओची भूमिका करणारे लाम्बेर्तो माज्जोरानी प्रत्यक्षातही कारखान्यात कामगार होते, हे त्यांच्या चालण्यातूनच जाणवते.

इराणी दिग्दर्शिका मर्झिये मेश्किनी यांच्या २००० सालच्या ‘द डे आय बिकेम अ वुमन’मध्ये सायकल उघडच बंड करते: नवरा घोड्यावरून पाठलाग करत घटस्फोटाची धमकी देतो, तरी आहू पायडल मारणे थांबवत नाही. तो चित्रपट मला प्रिय आहे. पण रबाळ्याच्या वाटेवर सोबत होती ती आंतोनिओचीच.

रबाळ्याला एका कारखान्याच्या फाटकासमोर चहा घेतला. पन्नाशीतले एक काका घाईघाईने आले, सायकल स्टँडवर लावली, साखळी मागच्या चाकातून काढून कुंपणाच्या खांबाला गुंडाळली आणि कुलूप लावले. चार पावले गेल्यावर ते परत फिरले, कुलूप दोनदा ओढून पाहिले आणि मगच डबा घेऊन आत गेले.