आईची नळी मी का काढायला लावली

"आईला शेवटी उपाशीच ठेवलेत का हो?" आमच्या रामबाग वस्तीतल्या प्रत्येक हळदीकुंकवात हा प्रश्न कुणी ना कुणी मला विचारतेच, म्हणून एकदाच लिहिते. तिला अन्न द्यायची नळी घातली होती, आणि त्या कागदावर सही माझीच होती.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेली आई न्यूमोनिया होऊन इंदूरच्या एका रुग्णालयात दाखल झाली तेव्हा ती घास गालात धरून बसे, पाण्याने तिला ठसका लागे. नाकातून पोटापर्यंत जाणारी अन्नाची नळी, राइल्स ट्यूब, घातली. दर दोन तासांनी सिरिंजने पातळ आहार, मागून पाणी. दोनदा तिने ती ओढून काढली. तिसऱ्यांदा घातल्यावर दोन्ही मनगटे पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधली गेली. मी सकाळी पोहोचले तेव्हा तिची बोटे तेवढी मोकळी होती आणि चादरीचा काठ चिमटीत धरून ती निऱ्या करीत होती, एकीवर एक, अगदी सारख्या. मला ती वर्षभर ओळखत नव्हती, परक्या बाईला म्हणावे तसे म्हणाली, "ताई, एवढे सोडता का?" गाठ घट्ट बसली होती, सुटेना. परिचारिकेने काही न बोलता कात्री दिली.

नळीमुळे न्यूमोनिया टळत नाही, कारण लाळ फुप्फुसात जातच राहते. डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात नळीपेक्षा जपून हाताने भरवावे, असे अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धांवर उपचार करणाऱ्यांच्या संस्थेने 2014 मध्येच म्हटले आहे. हे वाचून मी नळी काढण्याचा निर्णय घेतला असे लोकांना सांगते, ते खरे नाही. वाचले नंतर.

आणि ग्वाल्हेरच्या आतेभावाने आत्याला नळी नाकारली, तेव्हा त्याला फोनवर "उपाशी मारतोयस तिला" म्हणणारीही मीच होते. तेव्हाची मी आज समोर आली, तर तिला गप्प करण्याजोगे उत्तर माझ्याजवळ नाही.

घरी आणल्यावर ताठ बसवून, हनुवटी खाली ठेवून, घट्ट मुगाचे वरण चमच्याच्या टोकाने भरवीत असे. अर्ध्या वाटीला पाऊण तास लागे. ठसका लागला की थांबायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते.

तेराव्याला दादाने विचारले, "तिला भूक लागत होती का गं?" मी नाही म्हटले. पण ठसक्यानंतर चमचा मागे घेताना तिचे ओठ पुढे येत, दोनदा तरी मी ते पाहिले होते.