मागच्या बाकावरचे निरीक्षक उठून गेले की...

सराव पाठाला वर्ग शांत असतो, पण ती शांतता बहुतेक वेळा उसनी असते. मागच्या बाकावर निरीक्षक, दाराशी वर्गशिक्षक, मग मुलं गप्पच बसणार. छात्राध्यापकाला, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्याला, मात्र वाटतं, आपल्याला वर्ग सांभाळता येतो. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एखादंच कौशल्य घोटवणाऱ्या छोट्या सराव पाठात, तर समोर आपलेच सहाध्यायी आणि हातात पाच-सहा मिनिटं. तिथे शिस्तीचा प्रश्नच येत नाही.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला छात्रसेवाकाल (इंटर्नशिप) दोन्ही वर्षं मिळून २० आठवड्यांचा. शिस्तीबद्दलचं मत पक्कं होतं ते या काळात. मुलांशी प्रेमानेच वागायचं असं ठरवून आलेली मंडळी वर्ग हाताबाहेर गेला की शाळेतले जुने शिक्षक काय करतात ते बघतात आणि तेच उचलतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. परीक्षेत हे सगळे बरोबर लिहितात. पण चुकलेली वही वर्गभर दाखवून मुलाला खजील करणं म्हणजेही छळच, हे सरावात त्यांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

गोंगाट नेमका कधी होतो ते बघावं. वह्या वाटताना, तक्ता टांगताना, फळ्याकडे पाठ करून लिहिताना. म्हणून सूचना आधी, वह्या नंतर. तक्ता तास सुरू होण्यापूर्वी खिळ्याला लावून उलटा ठेवायचा. प्रश्न आधी विचारायचा, तीनेक सेकंद थांबायचं, मगच नाव घ्यायचं. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटतात. दोघं बोलत असतील तर शिकवणं न थांबवता त्यांच्या बाकाशी जाऊन उभं राहावं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या) विद्यार्थ्यांची खरी कसोटी लागते. पहिली-दुसरी एकत्र, दुसरीला शिकवताना पहिलीला दिलेलं स्वाध्यायाचं काम सात-आठ मिनिटांत संपतं आणि दंगा सुरू होतो. मुलं द्वाड नसतात, काम कमी पडलेलं असतं. एक काम फळ्यावर आणि ते संपलं की घ्यायचं दुसरं, चित्रकार्डं किंवा चिंचोके, आधीच हाताशी हवं. त्यात जुलैचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की तिसऱ्या रांगेपर्यंत आवाज पोचत नाही. नवखा शिक्षक ओरडतो, मुलंही ओरडतात. अशा वेळी तोंडी पाठ सोडून द्यावा, फळ्यावर चार ओळींचं लेखन द्यावं, हाताच्या खुणा आधीच ठरवून ठेवाव्यात. सर गेली की पुन्हा पाठ.

निरीक्षण वहीतला 'वर्गनियंत्रण चांगले' हा शेरा मला सगळ्यात जास्त खटकतो. त्यातून छात्राध्यापक एवढंच शिकतो की गप्प वर्ग म्हणजे गुण. त्याऐवजी निरीक्षकांनी लिहावं: बाराव्या मिनिटाला डावीकडचा गट सुटला, तेव्हा तुम्ही फळ्यावर आकृती काढत होतात. आणि निदान दोन पाठांना त्यांनी वर्गात बसूच नये. पाठ संपल्यावर छात्राध्यापकाकडूनच ऐकावं, कुठे काय बिघडलं.